गाडीचा 'चेंबर' फुटू नये म्हणून: ऑफ-रोड गाडीच्या पोटाखालची स्किड प्लेट नेमकं काय काम करते?

पाऊस ओसरायला लागला की दर शनिवारी पहाटे पुण्या-मुंबईहून फोर बाय फोर गाड्या बाहेर पडतात. कुणी वेल्ह्याकडे निघतं, कुणी भंडारदऱ्याकडे, कुणी मावळातल्या एखाद्या वाडीकडे. डांबर संपतं, कच्चा रस्ता लागतो, मग तोही संपतो आणि ओढ्यातले गोटे सुरू होतात. अशात कुठेतरी गाडीच्या खालून 'ठक्' असा आवाज येतो. गाडी चालतेय म्हटल्यावर चालवणारा तसाच पुढे जातो. पाच-सात मिनिटांनी डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, इंजिनातून खडखड ऐकू येते आणि गाडी बंद पडते. मागे वळून बघावं तर गोट्यांवरून तेलाची काळी रेघ आलेली असते. गावातला कुणीतरी खाली वाकतो आणि दोन शब्दांत निकाल देतो: "चेंबर फुटला."

मोबाईलला रेंज नाही, टोइंगवाला तिथवर येणार नाही आणि इंजिनाच्या कामाचा खर्च ऐकून घाम फुटेल. एका दगडाने एवढं सगळं होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून गाडीच्या पोटाखाली जे चिलखत बसवतात, ते म्हणजे स्किड प्लेट. ती काय करते, काय करू शकत नाही, कोणत्या धातूची घ्यावी, कशी बसवावी आणि मुळात तुम्हाला तिची गरज आहे का, ते सविस्तर बघूया.

आधी गाडीच्या खाली काय असतं ते बघू

आपण गाडी वरून बघतो, दगड मात्र ती खालून बघतो. पुढच्या बंपरपासून मागे गेलं तर पोटाखाली साधारण या क्रमाने वस्तू लागतात.

सगळ्यात पुढे रेडिएटरचा खालचा भाग आणि स्टिअरिंगचे रॉड. त्यामागे इंजिनाचं तेल साठवणारं भांडं, म्हणजे ऑइल सम्प. गॅरेजच्या भाषेत हाच चेंबर. तो पातळ पत्र्याचा किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. पत्र्याचा असेल तर दगड लागून चेपतो आणि आतली तेल ओढणारी नळी दाबली जाऊ शकते. ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर चेपण्याऐवजी तडकतो. चेंबरच्या तळाला तेल काढायचा नट असतो. तो सगळ्यात खाली असल्यामुळे दगडाची पहिली भेट बऱ्याचदा त्याच्याशीच होते.

त्यामागे गिअरबॉक्स आणि फोर बाय फोर गाडी असेल तर ट्रान्स्फर केस. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ही पेटी आहे. तिच्या बाजूने सायलेन्सरचा पाइप आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. आणखी मागे डिझेल किंवा पेट्रोलची टाकी. शेवटी मागचा ॲक्सल आणि त्याच्यावरचा डिफरन्शियलचा गोळा. या सगळ्यांच्या आजूबाजूने ब्रेकच्या, इंधनाच्या नळ्या आणि वायरी जातात.

यातल्या प्रत्येक वस्तूला सारखाच धोका नसतो. सायलेन्सर चेपला तर आवाज बदलेल, पण तुम्ही घरी पोहोचाल. चेंबर फुटला तर तेलाचा दाब जातो आणि चालू इंजिन काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, जाम होतं. टाकीला भोक पडलं तर आगीची भीती. म्हणून संरक्षणाचा क्रम ठरलेला आहे: आधी चेंबर, मग ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स, मग टाकी.

स्किड प्लेट म्हणजे काय? आणि काय नाही?

'स्किड' म्हणजे घसरणं. नावातच तिचं काम आलं. दगडाचा मार झेलणं हे तिचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे गाडीला त्या दगडावरून घसरत पुढे जाऊ देणं. प्लेट नसेल तर दगड चेंबरच्या कडेला, नटला किंवा आडव्या पट्टीला अडकतो आणि गाडीचा सगळा जोर त्या एका बिंदूवर येतो. प्लेट असेल तर दगडाला अडकायला काही सापडत नाही. त्याचा जोर मोठ्या भागावर पसरतो आणि बोल्टमधून चासीवर जातो. चासी हा गाडीचा सगळ्यात मजबूत भाग असल्यामुळे ती तो सहन करते.

आपल्याकडचे जुने मेकॅनिक आणि रॅलीवाले हिला 'सम्प गार्ड' म्हणतात. कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपलाही ट्रान्स्फर केसच्या खाली असा संरक्षक पत्रा होता. याच विलिस जीपची जुळणी १९४७ पासून मुंबईत महिंद्राने सुरू केली आणि त्याच घराण्यातली आजची थार नाशिकच्या कारखान्यात बनते.

आता ग्राहकाने लक्षात ठेवायची गोष्ट. शहरी एसयूव्हींच्या माहितीपत्रकात 'फ्रंट अँड रिअर स्किड प्लेट' असं लिहिलेलं दिसतं. बहुतेक वेळा ती बंपरच्या खालच्या भागाला चांदीचा रंग दिलेली प्लॅस्टिकची पट्टी असते. दिसायला रुबाबदार, पण दगडापुढे तिचा काही उपयोग नाही. तसंच इंजिनाखाली असलेलं काळं प्लॅस्टिकचं कव्हर. ते चिखल-पाणी अडवायला आणि हवेचा रोध कमी करायला असतं. ते काढून टाकू नका, पण त्यालाच स्किड प्लेट समजून ओढ्यात गाडीही घालू नका.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी लावा, टॉर्च घ्या आणि पुढून खाली बघा. बोटाने टकटक करा. प्लॅस्टिक आहे की धातू, ते लगेच कळेल. धातू असेल तर तो कुठे जोडलाय ते बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. नीट बघायचं असेल तर गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी घ्या.

एका आदळण्याचा हिशोब

समजा गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास आहे. एका पायरीवरून पुढची चाकं खाली उतरताना गाडीचं पोट १० सेंटीमीटर उंचीवरून दगडावर आदळलं आणि त्या क्षणी ८०० किलो भार त्या दगडावर आला. चासी, सस्पेन्शन आणि प्लेट मिळून २ सेंटीमीटर दबली आणि गाडी थांबली. म्हणजे १२ सेंटीमीटरच्या प्रवासात कमावलेली सगळी ऊर्जा फक्त २ सेंटीमीटरमध्ये जिरवायची आहे. सहापट जोर. ८०० गुणिले ६, म्हणजे जवळपास ४,८०० किलो. पावणेपाच टनांहून जास्त भार, तोही तळहाताएवढ्या जागेवर. नुसत्या चेंबरच्या पत्र्याने हा भार सोसावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

वेगाचा हिशोब याहून कडक आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरला जो धक्का बसेल, त्याच्या नऊपट ऊर्जा ताशी ३० ला असते. म्हणून दगडांच्या वाटेवर सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे लो-रेंजचा पहिला गिअर आणि संयम. प्लेट आहे म्हणून वेग वाढवला, तर प्लेटचा फायदा तिथेच संपला.

आपल्या भागातल्या दगडाचाही विचार करा. सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, अतिशय कठीण. तो फुटत नाही, तुमचा पत्रा फोडतो. कोकण आणि गोव्यातला जांभा त्यामानाने मऊ, पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि भोकाभोकांचा. तो प्लेटवरचा रंग कानशीसारखा खरवडून काढतो आणि मग खाऱ्या हवेत गंजाला वाट मोकळी होते.

ग्राउंड क्लिअरन्स जास्त असेल तर प्लेट कशाला?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. आकडे बघू. २०२० साली आलेल्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिमनीचा २१० मिलिमीटर. २०२४ च्या फोर्स गुरखाचा २३३ मिलिमीटर. म्हणजे साधारण वीतभर. ओढ्यातला मध्यम आकाराचा गोटा सहज याहून उंच असतो.

शिवाय ग्राउंड क्लिअरन्स हा सपाट जमिनीवरचा आकडा आहे. गाडी जेव्हा उंचवट्यावरून जाते, तेव्हा पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि पोट मधोमध उंचवट्यावर टेकतं. किती तीव्र उंचवटा पोट न टेकता पार होईल ते सांगणारा आकडा म्हणजे ब्रेकओव्हर कोन. दोन ॲक्सलमधलं अंतर जितकं जास्त, तितका हा कोन कमी. थारचं हे अंतर २,४५० मिलिमीटर आणि कोन २७ अंश. पाच दारांच्या जिमनीचं अंतर २,५९० मिलिमीटर आणि कोन २४ अंश. बांधावरून किंवा रस्त्याच्या कडेच्या चरावरून गाडी काढताना हे तीन अंश चांगलेच जाणवतात. याच जागी गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस असतात, म्हणून फक्त पुढची प्लेट बसवून काम संपत नाही.

मग डिफरन्शियलच्या गोळ्याचं काय?

स्किड प्लेट चासीला बसते. पण सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ जिमनीचे दोन्ही ॲक्सल किंवा थारचा मागचा ॲक्सल, डिफरन्शियलचा गोळा चाकांसोबत वर-खाली होतो. तो चासीला जोडलेला नसतो. त्यामुळे पोटाखाली कितीही प्लेटा लावा, गोळा उघडाच राहतो आणि बहुतेक वेळा गाडीचा सगळ्यात खालचा बिंदूही तोच असतो.

दिलासा इतकाच की या गोळ्याचं घर जाड असतं आणि तो चेंबरपेक्षा खूप मार खातो. त्याच्यासाठी वेगळं डिफ गार्ड मिळतं, जे थेट ॲक्सलवर बसतं. पण त्याची उंची वाढवायचा मार्ग एकच, मोठे टायर. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एक इंच वर जातो. सस्पेन्शन उंच केल्याने चासी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. हे न समजल्यामुळे महागडा लिफ्ट किट बसवूनही बऱ्याच जणांची गाडी त्याच दगडाला तशीच लागते.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, जसं थारला आहे, तर पुढचा डिफरन्शियल चासीकडेच बसवलेला असतो. अशा गाडीत पुढची प्लेट त्यालाही झाकू शकते.

पोलाद, ॲल्युमिनियम की प्लॅस्टिक?

ऑफ-रोडवाल्यांमध्ये यावरून तासन् तास वाद होतात. मुद्दे मात्र थोडेच आहेत.

*पोलाद.* स्वस्त, चिवट, कुठल्याही गावात वेल्डिंग करून सरळ करता येतं. दगडावर आपटलं की चेपतं, पण सहसा फाटत नाही. गुळगुळीत असल्यामुळे दगडावरून चांगलं घसरतं. दोष दोन: वजन आणि गंज. ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो होतं, ४ मिलिमीटरला एकतीस किलोच्या पुढे.

*ॲल्युमिनियम.* घनता पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश. पण ते तितकं ताठ नसतं, म्हणून जाड घ्यावं लागतं. हिशोबाने ३ मिलिमीटर पोलादाइतका ताठपणा मिळवायला सुमारे सव्वाचार मिलिमीटर ॲल्युमिनियम लागतं. तरीही वजन साडेअकरा किलोच, म्हणजे निम्मं. प्रत्यक्षात ५ ते ६ मिलिमीटरच्या प्लेटा वापरतात. तांबडा गंज चढत नाही. दोष: महाग, दगडावर ओरखडे खोल जातात आणि मऊ धातू दगडाला थोडा 'चिकटतो', म्हणजे घसरण्याऐवजी अडखळतो. तडा गेला तर त्याचं वेल्डिंग प्रत्येक गावात होत नाही.

*जाड प्लॅस्टिक.* इथे बंपरचं प्लॅस्टिक नव्हे, तर अतिशय चिवट, उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची जाड पाटी. ती हलकी असते, गंजत नाही, आवाज करत नाही आणि दगडावरून सगळ्यात छान घसरते. रॅलीच्या गाड्यांना ती धातूच्या खालचा थर म्हणूनही लावतात. पण उष्णता सोसत नाही, सायलेन्सरजवळ चालत नाही आणि टोकदार दगडावर संपूर्ण गाडी टेकली तर वाकते.

मग घ्यावी कोणती? महिन्यातून एकदा खडकाळ वाट करणार असाल आणि बजेट बेताचं असेल तर ३ ते ४ मिलिमीटरचं पोलाद. लडाख-स्पितीसारखा लांब प्रवास, सामान भरपूर आणि गाडीचा वेगही राखायचा असेल तर ॲल्युमिनियम. कोकणात राहत असाल तर पोलाद घेताना रंगाची आणि देखभालीची तयारी ठेवा. ॲल्युमिनियम घ्याल तर आणखी एक गोष्ट पाहा. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी आलं की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम बोल्टभोवती खात जातं. दोन्हींच्या मध्ये वॉशर किंवा ग्रीसचा थर हवाच.

चांगली प्लेट कशी ओळखायची?

फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या किंवा तयार घ्या, या गोष्टी तपासा.

१. *ती कुठे बसते?* चासीच्या दांड्यांवर किंवा आडव्या पट्ट्यांवरच बसली पाहिजे. चेंबर, गिअरबॉक्स किंवा प्लॅस्टिकच्या क्लिपांवर टेकलेली प्लेट म्हणजे दगडाचा मार थेट त्याच भागांना पोहोचवणारी वस्तू.

२. *मध्ये फट आहे का?* प्लेट आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं आणि प्लेटही मारानंतर थोडी दबते. फट नसेल तर दगडाऐवजी प्लेटच चेंबरला लागेल.

३. *कडा कशा आहेत?* पुढची कड वर वळलेली हवी, होडीच्या नाळेसारखी. सरळ कापलेली कड दगडात आणि मातीत रुतते.

४. *प्लेटा एकमेकींवर कशा चढल्या आहेत?* आपल्या घरावरची मंगलोरी कौलं आठवा. पाणी वरून खाली येताना कुठे अडत नाही, कारण वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं. इथेही तसंच. पुढच्या प्लेटची मागची कड पुढून येणाऱ्या दगडाला मागच्या प्लेटच्या तोंडावर अडकू देणार नाही, अशी तिच्या खालून गेली पाहिजे. उलट बसवलं तर दगड जोडात शिरतो आणि प्लेट उचकटतो. अर्थात रिव्हर्स घेताना हेच गणित उलटं होतं, म्हणून दगडावरून मागे येताना जास्त सावध राहावं.

५. *बोल्टची डोकी.* ती प्लेटच्या पृष्ठभागात बुडलेली हवीत. बाहेर आलेली डोकी दगडाने घासून गोल होतात आणि मग सर्व्हिसिंगला छिन्नी-हातोडी लागते.

६. *सर्व्हिसिंगची भोकं.* तेल काढायच्या नटसमोर आणि शक्य असेल तिथे ऑइल फिल्टरसमोर भोक हवं. नाहीतर दर वेळी संपूर्ण प्लेट उतरवावी लागते, मग मेकॅनिक ती परत लावताना दोन बोल्ट विसरतो आणि महिनाभर गाडी खडखडते.

७. *हवा आणि पाण्याला वाट.* छिद्रं नसतील तर उष्णता कोंडते आणि चिखल साचतो.

८. *आतून ताकद.* सपाट पत्र्यापेक्षा घड्या घातलेला किंवा आतून पट्ट्या जोडलेला पत्रा त्याच वजनात जास्त ताठ राहतो.

आणि शक्यतो तुमच्याच मॉडेलसाठी, त्याच वर्षाच्या गाडीसाठी बनवलेली प्लेट घ्या. पुढचा भाग अपघातात ठरावीक पद्धतीने चेपावा आणि सेन्सर वेळेवर चालावेत अशी कंपनीची रचना असते. बाहेरून काहीतरी जाडजूड वेल्ड करून ती बिघडवू नये.

फुकट काहीच मिळत नाही

प्लेट लावली की काही गोष्टी गमवाव्याही लागतात.

चारही प्लेटा पोलादाच्या घेतल्या तर गाडीवर पुढच्या सीटवरच्या लहान मुलाएवढं वजन कायमचं चढतं. ते पुढे जास्त असल्यामुळे स्प्रिंग दबतात. प्लेटच्या जाडीमुळे आणि फटीमुळे पोटाखालची उंची काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत कमी होऊ शकते.

चिखलाचाही हिशोब करा. ओला चिखल लिटरला पावणेदोन-दोन किलो भरतो. प्लेटच्या वर १० लिटर चिखल साचला तर वीस किलोपर्यंत फुकटचं ओझं, आणि तो ओलावा धरून ठेवतो म्हणून गंज आतून लागतो. प्रत्येक सफरीनंतर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने प्लेटच्या वरची बाजू धुवा. पावसाळ्यानंतर एकदा प्लेट उतरवून साफ करा, खरवडलेल्या जागी रंग मारा आणि बोल्टना ग्रीस लावून परत आवळा.

सगळ्यात दुर्लक्षित धोका म्हणजे वाळलेलं गवत. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळतं आणि कमरेएवढ्या गवतातून गाडी नेली की ते प्लेट आणि सायलेन्सरच्या मध्ये गच्च भरतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापतो. ऑस्ट्रेलियाच्या गवताळ वाळवंटात अशा कारणाने गाड्या जळून खाक झाल्या आहेत. गवतातून आलात तर थांबा, खाली बघा, काडीने गवत काढा. खरं तर सड्यावर आणि पठारांवर गवतात, रानफुलांत गाडी घालूच नये. तिथली मातीची पातळ साय एका चाकाखाली उखडते आणि ती परत धरायला वर्षानुवर्षं लागतात.

कायदा आणि विमा काय सांगतो?

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढच्या बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर हे कलम निर्बंध घालतं. बुल बार बंपरच्या पुढे असतो, पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि धक्का थेट चासीत नेतो. स्किड प्लेट पोटाखाली असते, तिचा हेतू वेगळा आहे. तरीही शहाणपण यातच की कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीच्या यादीतली प्लेट असेल तर तीच घ्यावी, चासीला भोकं पाडू नयेत किंवा वेल्डिंग करू नये, आणि पावती जपून ठेवावी.

विम्याची बाजू जास्त महत्त्वाची आहे. साध्या वाहन विम्यात 'परिणामी नुकसान' धरत नाहीत. म्हणजे दगडाने चेंबर फुटला, हे अपघाती नुकसान. पण तेल गळत असताना तुम्ही गाडी तशीच चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान ठरवून विमा कंपनी इंजिनाचा दावा नाकारू शकते. चेंबरचे पैसे मिळतील, इंजिनाचे तुमच्या खिशातून. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड-संरक्षण तेलगळतीमुळे किंवा पाणी शिरल्यामुळे झालेल्या इंजिनाच्या नुकसानासाठीच असतं. त्याच्या अटी वाचून घ्या. आणि शर्यत, वेगाच्या चाचण्या यांत गाडी वापरली तर साधी पॉलिसी लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

'ठक्' झालं! आता काय करायचं?

पहिला नियम: थांबा. आवाज छोटा वाटला तरी थांबा. जुन्या तेलाच्या झारीसारखं लाल चिन्ह दिसलं तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. 'पुढच्या वळणावर सावलीत थांबू' हा विचार इंजिन खातो.

मग खाली कागद किंवा जुनं फडकं टाकून काय गळतंय ते बघा.

- काळं किंवा तपकिरी, निसरडं: इंजिन ऑइल. गाडी सुरू करू नका.
- दाट आणि कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास: गिअर किंवा डिफरन्शियलचं तेल. चाल थांबवा, तेलाची पातळी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- लालसर, पातळ: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल.
- हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं: कूलंट. इंजिन तापण्याआधी बंद करा.
- चाकाजवळ पातळ, तेलकट: ब्रेक ऑइल. अशी गाडी घाटात अजिबात उतरवू नका.
- वास येणारं इंधन: सिगारेट, काडी काहीही नको. सगळ्यांना गाडीपासून दूर करा.
- स्वच्छ पाणी, एसी चालू होता: ते एसीचंच पाणी. चहा घ्या.

चेंबरला छोटी चीर असेल तर उरलेलं तेल पूर्ण निथळू द्या, जागा घासून कोरडी करा आणि दोन भागांची इपॉक्सी लुगदी, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील, दाबून बसवा. ती पूर्ण कडक होईपर्यंत थांबा, नवं तेल भरा आणि मोठ्या रस्त्यापर्यंत हळू जा. इंधनाच्या टाकीच्या बारीक गळतीवर जुने ट्रकवाले अंगाचा साबण घासून बसवतात. साबण डिझेल-पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो काही काळ टिकतो. हे दोन्ही उपाय फक्त गॅरेजपर्यंत पोहोचायचे.

म्हणून डिकीत चार-पाच लिटर इंजिन ऑइल, इपॉक्सी, फडकी, टॉर्च आणि टो-दोर ठेवा. आणि एकट्या गाडीने अवघड वाटेवर जाऊ नका.

मुळात लागू नये म्हणून

दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह टाळा. मध्ये पोट आहे, चेंबर आहे. त्याऐवजी चाक दगडावर चढवा, म्हणजे गाडीच वर उचलली जाते. पुढचा डिफरन्शियल बऱ्याच गाड्यांत मधोमध नसून एका बाजूला असतो. तुमच्या गाडीत तो कुठे आहे ते बघून ठेवा आणि दगड दुसऱ्या बाजूने काढा. शंका असेल तर उतरा, चालत जाऊन वाट बघा. बरोबरच्या एकाला बाहेर उभं करून हाताने खुणा करायला सांगा. बाकीच्यांनी त्या वेळी सल्ले देऊ नयेत.

तर मग तुम्हाला हवी का?

तुमची गाडी शहरात, हायवेवर आणि गावच्या कच्च्या रस्त्यावरच फिरत असेल तर चारही बाजूंनी चिलखत नको. स्पीडब्रेकरची भीती असेल तर चेंबरखाली एक साधं गार्ड पुरे. महिन्या-दोन महिन्यांनी ओढे, घाटवाटा, खडक करत असाल तर चेंबर आणि ट्रान्स्फर केसच्या प्लेटा हा चैनीचा खर्च नाही. आणि पोटाखाली बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी असेल तर, प्लेट असो वा नसो, तिला खडकांवर नेऊच नका. खालून बसलेल्या माराने बॅटरीचं कवच चेपलं तर आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा, मगच चार्जिंगला लावा.

प्लेट म्हणजे हेल्मेट समजा. हेल्मेट घातलं म्हणून कुणी भिंतीवर डोकं आपटत नाही. ते चुकीच्या एका क्षणासाठी असतं. पुढच्या सफरीला निघण्याआधी दहा मिनिटं काढा, टॉर्च घेऊन गाडीखाली एकदा नजर टाका. आणि ग्रुपमधला जो मित्र "काही होत नाही रे, घाल पुढे" म्हणतो, त्याला हा लेख आवर्जून पाठवा.